परतीची मोजणी

सोरेन्तोच्या धक्क्यावर सकाळी मोजले तेव्हा एकतीस होते.
प्रत्येकाच्या छातीवर पिवळा गोल चिकटवला,
गोलावर आकडा. नावं मी पाठ करत नाही.
नावं रोज बदलतात, आकडे तेच राहतात.
माझी छत्री हिरवी. ती दिसेल तिकडे चालायचं.
ऊन असो, सर येवो, ती उघडायची नसते.

समुद्र जरा घुश्शातच होता.
चौदा नंबरने पिशवी मागितली, पाठोपाठ पंधराने.
मी माइक घेऊन काप्रीचा इतिहास सुरू केला:
म्हातारा सम्राट, त्याचे महाल,
कड्यावरून खाली ढकललेली माणसं.
ढकललेल्या माणसांपाशी सगळे माना वर करतात,
चौदा नंबरसुद्धा.

मरीना ग्रान्देला पोचलो तर पाटी:
निळी गुहा आज बंद.
"बंद म्हणजे?" नऊ नंबर म्हणाला,
जणू मीच आत जाऊन कडी घालून आले होते.
कोस्तान्झोने नावेतूनच खांदे उडवले.
त्याचे खांदे म्हणजे इथलं हवामान खातं.
वाऱ्याकडे पैसे परत मागता येत नाहीत,
हे वाक्य मला चार भाषांत येतं.

मग वर चौकात.
कॉफी उभ्याने प्या, मी बजावते,
बसलात तर खुर्चीचेही पैसे लागतात.
तरी सात जण बसले.
मग चपलांचं दुकान, लिंबाच्या दारूचे इवले पेले,
मग समुद्रातून वर आलेले ते सुळके.
त्यांच्याकडे पाठ करून सगळे उभे राहिले
आणि फोनकडे बघून हसले.

मी या बेटावर जन्मले. हे मी सांगत नाही.
सांगितलं की विचारतात, मग घर कुठलं?
घर ते, निळ्या पडद्यांचं, रात्रीच्या दराने मिळतं.
मी रोज पहिल्या बोटीने पाहुण्यांसोबत येते
आणि पाहुण्यांसोबत जाते.
मागच्या गल्लीत, धोब्याच्या पलीकडे,
एका खोलीत आसुन्तीना मावशी अजून राहते.
त्या तोंडाशी आले की मी छत्री खाली घेते.
तिने हाक मारली तर तास जातो,
आणि माझ्याकडे तास नसतो, वेळापत्रक असतं.

साडेचारला धक्क्यावर तीस.
पुन्हा मोजले. तीस.
सत्तावीस नाही.
आज पहिल्यांदा यादी उघडून नाव शोधलं:
हेल्वी. गाव ओउलू, वय अठ्ठ्याहत्तर.
दुकानं पाहिली, स्वच्छतागृह पाहिलं,
चर्चमध्ये डोकावले, मेणबत्त्यांखेरीज कोणी नव्हतं.
बोटीचा भोंगा वाजला
आणि माझे पाय त्या गल्लीत वळले,
का, ते पायांनाच ठाऊक.

दोघी उंबऱ्यावर बसल्या होत्या.
मध्ये टोपलं, मटाराच्या शेंगा.
मावशीला बेटापलीकडची बोली कळत नाही,
हेल्वीला फक्त तिकडची, बर्फातली.
एक बोलायची, दुसरी मान हलवायची,
मग दुसरी बोलायची.
दाणे मात्र एकाच भांड्यात पडत होते,
टपटप, न थांबता.
पिवळा गोल मावशीच्या एप्रनवर होता.
कोणी लावला, कोणी लावून घेतला, विचारलं नाही.

"ही येऊन बसली," मावशी म्हणाली,
"म्हणून टोपलं पुढे केलं.
तुझा नंबर कितवा?"

मी म्हणाले, बोट सुटेल.
"सुटू दे की. बोटी सुटायलाच असतात."
पण सुटू दिली नाही. नोकरी आहे.
हेल्वीला दंडाला धरून उठवलं,
तिचे अंगठे हिरवे झाले होते.
ती मावशीला काहीतरी म्हणाली, बराच वेळ,
मावशी म्हणाली, "हो ना, हो ना,"
आणि ओंजळभर शेंगा तिच्या खिशात कोंबल्या.

बोटीवर मोजले. एकतीस,
त्यातली एक बिनआकड्याची.
नऊ नंबर गुहेबद्दल अजून कुरकुरत होता.
हेल्वीने एक शेंग माझ्यापुढे धरली.
कच्चा मटार. गोड, जरा मातकट.
आमच्या परसातले असेच असायचे.

सोरेन्तो जवळ आलं तेव्हा लक्षात आलं,
छत्री मावशीच्या दाराशीच राहिली.
एव्हाना उघडून पाहिली असेल तिने,
एखादी काडी मोडली असेल.
उद्या आणायला जावं लागेल.